बुद्धिबळाने बुद्धी वाढते की नुसते बुद्धिबळच वाढते?

मागवाला | रविवार, रात्री ९.४०

गेल्या आठवड्यात बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत एका क्लासची पत्रके वाटली गेली. ‘बुद्धिबळ शिका, एकाग्रता वाढवा, गणितात गुण मिळवा’ असे त्यांवर ठळक अक्षरांत छापले होते आणि खाली तीन महिन्यांची फी होती. शेजारच्या वहिनींनी ते पत्रक माझ्यापुढे धरून विचारले, “भावजी, तुम्ही एवढी वर्षं खेळताय, हे खरं आहे काय?” मी हो-नाही करत वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. चाळीस वर्षे खेळूनही माझे गणित बेताचेच आहे आणि मागांचा हिशेब आजही बायकोच बघते. मग या खेळाने मला दिले तरी काय, हे एकदा नीट लिहून काढावे आणि इथल्या जाणत्यांचेही मत घ्यावे, म्हणून हा धागा.

मला खेळ शिकवला आजोबांनी. घरात चार यंत्रमाग होते, आणि दुपारी करंट गेला की त्यांची खडखड एकदम थांबून अशी शांतता पसरे की आम्ही सवयीने ओरडून बोललेली वाक्ये आमची आम्हालाच मोठी वाटत. त्या शांततेत आजोबा पट अंथरत. जाड कापडावर काळ्या दोऱ्याने शिवलेली चौसष्ट घरे, लाकडी मोहरी आणि हरवलेल्या एका उंटाच्या जागी मागाच्या धोट्यातली, दोरा गुंडाळायची रिकामी कांडी. त्यांचा डाव देशी पद्धतीचा होता. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल, नव्हता, त्याऐवजी तोवर शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. त्यामुळे डाव सावकाश पिकत असे आणि खरी मारामारी सुरू होईपर्यंत कधी कधी करंट परत येऊन डाव अर्धाच राही.

त्यांचा एक नियम मात्र कोणत्याही पद्धतीत लिहिलेला नाही. मी हरलो की मोहरी गोळा करायला बंदी होती. “कुठं चुकलं ते दाखव, मग ऊठ.” मी दर वेळी वजीर गमावला त्या चालीवर बोट ठेवायचो. ते मान हलवून म्हणायचे, “इथं तो मेला. आजारी कधी पडला ते सांग.” मग एकेक चाल मागे घेत आम्ही जात असू. एकदा असेच मागे जाता जाता बारा चाली उलटल्या आणि सापडले ते राजाच्या बाजूचे एक प्यादे, जे मी काही सुचत नाही म्हणून उगाच एक घर पुढे ढकलले होते. त्या प्याद्याने सोडलेल्या घरावर त्यांचा घोडा येऊन बसला होता, त्या घोड्याला हुसकावण्यासाठी मी उंट दिला होता, आणि उंट गेल्यामुळे वजीर उघडा पडला होता. ज्या चालीला मी चाल म्हणूनसुद्धा मोजले नव्हते, तिथे डाव गेला होता. मागावर बसणाऱ्याला हे नवीन नाही, कारण कापडावर दोष दिसतो तो हातभर पुढे आणि ताण्यातली तार तुटलेली असते मागे.

पत्त्यांत हरलेला माणूस पानांना दोष देतो आणि क्रिकेटमध्ये पंच असतोच. बुद्धिबळात सगळे उघड्यावर मांडलेले असते, तरीही मी सबबी शोधत असे. माग सुरू झाले म्हणून लक्ष गेले, ही माझी आवडती सबब होती. ती त्यांनी एकदाही मान्य केली नाही.

माझे मत असे बनले आहे की पट आणि मोहरी काहीच शिकवत नाहीत. डाव संपल्यावर तुम्हाला पटाशी बसवून ठेवणारे कोणीतरी असेल, तर त्या पाऊण तासात जे काही घडायचे ते घडते. तुमचा अनुभव काय आहे?

घटप्रभा | सोमवार, सकाळी ७.१५

मी गोकाक तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवतो, त्यामुळे त्या पत्रकाशी माझे थोडे घरचेच भांडण आहे. या दाव्याची मोठी चाचणी इंग्लंडमध्ये झालेली आहे. शंभर शाळांमधली नऊ-दहा वर्षांची चार हजारांवर मुले तीत होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या निम्म्या शाळांत वर्षभर शाळेच्याच वेळात सुमारे तीस तास बुद्धिबळ शिकवले गेले आणि उरलेल्या शाळांत नेहमीचे वर्ग चालू राहिले. शिकवणे संपून एक वर्ष झाल्यावर गणिताचे गुण ताडून पाहिले, तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. २०१६ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याआधीचे कित्येक छोटे अभ्यास बुद्धिबळाच्या बाजूने बोलत होते, पण त्यांपैकी पुष्कळांमध्ये खेळणाऱ्या मुलांची तुलना काहीच नवे न करणाऱ्या मुलांशी केलेली होती. नवा शिक्षक आला, नवे काही सुरू झाले, कोणीतरी लक्ष दिले, एवढ्यानेही मुले काही दिवस चमकतात, हे कोणताही मास्तर सांगेल.

असे का होत असावे, याचा धागा आणखी जुन्या प्रयोगांत सापडतो. आद्रियान डी ग्रूट हे डच मानसशास्त्रज्ञ स्वतः बुद्धिबळाचे ऑलिंपियाड खेळलेले होते. त्यांनी बड्या खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावून त्यांचे बोलणे टिपून घेतले, आणि त्यांना असे दिसले की श्रेष्ठ खेळाडू इतर चांगल्या खेळाडूंपेक्षा फार जास्त चाली पुढचे बघतो असे नाही. त्याची नजरच मुळात योग्य चालींवर जाते. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खऱ्या डावातली स्थिती खेळाडूंना पाच सेकंद दाखवून ती आठवणीने मांडायला सांगितली. निष्णात खेळाडूने बहुतेक मोहरी अचूक मांडली आणि नवख्याला चार-पाच जमली. मग त्यांनी तीच मोहरी पटावर कशीही विखुरून दाखवली, तेव्हा निष्णाताची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला सोपे आहे. मी कानडी पाटी एका नजरेत वाचतो आणि पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याला तीच पाटी नुसती वेटोळी दिसते. माझी नजर त्याच्यापेक्षा तीक्ष्ण आहे असे काही नाही, मला ती लिपी येते इतकेच. बुद्धिबळपटूला पटाची लिपी येते. त्या बळावर तो पाढे लवकर पाठ करील असे मानायला आधार नाही.

एवढे लिहून झाल्यावर स्वतःच्याच विरोधात एक निरीक्षण नोंदवतो. माझ्या वर्गातली दोन मुले नेमाने खेळतात. उत्तर चुकले की इतर मुले शेवटची ओळ खोडतात, ही दोघे मात्र वरच्या ओळींवरून बोट फिरवत जातात. हे खेळामुळे झाले की अशाच स्वभावाची मुले खेळाकडे वळतात, हे दोन मुलांवरून ठरवता येणार नाही.

तिरका उंट | सोमवार, दुपारी १.०५

बुद्धीचे घटप्रभा यांनी निकालात काढले, तेव्हा मी स्वभावाकडे वळतो. खेळाने माणूस घडत असता तर बॉबी फिशर संत व्हायला हवा होता. १९७२ मध्ये रेक्याविकला स्पास्कीला हरवून तो जगज्जेता झाला, १९७५ मध्ये अटी मान्य झाल्या नाहीत म्हणून विजेतेपद राखायला बसलाच नाही, आणि पुढे आयुष्यभर ज्यूंविरुद्ध गरळ ओकत राहिला, आई ज्यू असूनही. पटावर त्याच्याइतका सत्याचा पाठलाग क्वचितच कोणी केला असेल, पण पटाबाहेर पाऊल टाकताच तो पाठलाग संपत असे.

दुसरे असे की मागवाल्यांच्या आजोबांचा जमाना गेला. माझा पुतण्या रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर एकेका मिनिटाचे डाव खेळतो. हरला की अंगठा दाबून पुढचा डाव, त्यातही हरला की त्याच्या पुढचा. चूक बघायचीच म्हटली तर इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणक, ती तांबड्या रंगात दाखवते. मेला कुठे आणि आजारी कधी पडला, दोन्ही उत्तरे एका सेकंदात मिळतात आणि पोराच्या डोक्याला काडीची तोशीस पडत नाही. यातून धीर, संयम वगैरे काय कपाळ वाढणार?

निपाणीची लेक | सोमवार, रात्री १०.२०

वरच्या चर्चेत सगळ्यांनी मुलगा गृहीत धरला आहे, म्हणून लिहिते आहे.

माझी आई विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात पाने आणि जर्दा, आणि आठवड्याच्या शेवटी हजारांत मोजणी. मी शाळेतून आले की माझ्या वाट्याला पाने कातरणे असे, आणि त्यात दर थोड्या वेळाने पाणी दे, दादाला चहा टाक, दारात कोण आले बघ. दादाने मला खेळायला शिकवले ते त्याला जोडीदार हवा होता म्हणून. त्याच्याशी माझा एकही डाव सलग झाल्याचे आठवत नाही, कारण माझी चाल आली की मला कोणीतरी हाक मारी आणि मी परत येईपर्यंत दादाची माझ्या जागीही एक चाल खेळून झालेली असे.

सातवीत असताना शाळेने मला स्पर्धेला पाठवले. मी पटासमोर बसले, समोरच्या मुलीने घड्याळ दाबले आणि पुढचे अडीच तास मला कोणीही उठवले नाही. हे वाचून कोणाला हसू येईल, पण माझ्या आयुष्यात तोवर असे कधीच घडले नव्हते. विचार करायला आपल्यालाही वेळ लागतो, तो आपल्या नावाने घड्याळात घातलेला असतो आणि तो वापरला म्हणून कोणी रागावत नाही, हे मला त्या दिवशी कळले. मी तो डाव हरले. दादाने निघताना एकच सांगितले होते: चाल सुचली की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बस आणि पुन्हा एकदा पट बघ. आज मी एका पतसंस्थेत काम करते आणि कोणी “ताई, पटकन सही करा, नुसती औपचारिकता आहे” असे म्हटले की माझा हात अजूनही आपोआप मांडीखाली जातो.

मुलींना ही जागा आपसूक मिळालेली नाही. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेवर वर्षानुवर्षे राज्य केले. त्यांपैकी रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा हरकती घेतल्या गेल्या, आणि प्रकरण जागतिक महासंघापर्यंत जाऊन तिथून निर्वाळा आला की स्त्रियांना अडवता येणार नाही. २०२५ मध्ये बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा मी आईला फोन केला. तिने विचारले, “किती वेळ बसली असेल गं ती एका जागी?”

मागवाला | मंगळवार, रात्री ९.१०

निपाणीच्या ताईंचा प्रतिसाद मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. त्यावर ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

तिरका उंट, मोबाईलबद्दल तुमच्याशी सहमत आहे. पण दोष खेळाला देण्याआधी हे बघा की पुतण्या जे खेळतो त्यात डावानंतरचा वेळच कापून टाकलेला आहे. मी मूळ लेखात जे म्हणत होतो त्याला यामुळे बळच येते. इंजिनालाही मी वैरी मानत नाही, फक्त आधी स्वतः चूक शोधायची आणि मग इंजिनाला विचारायचे, हा क्रम उलटला की खेळ संपला.

देशी डावाबद्दल थोडे अवांतर, पण अगदीच बाहेरचे नाही. मी पहिल्यांदा शाळेच्या स्पर्धेला गेलो तेव्हा समोरच्या मुलाने पहिल्याच चालीला प्यादे दोन घरे ढकलले आणि मी हात वर करून पंचांना बोलावले. सगळे हसले. त्या वयात मला वाटले की आजोबांनी मला चुकीचे शिकवले. पुढे मीर सुलतान खान यांच्याविषयी वाचले, तेव्हा तो राग गेला. देशी पद्धतीवर वाढलेला हा पंजाबातला माणूस विलायतेला गेला आणि १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आला. सुरुवातीच्या चालींत तो कच्चा होता आणि डावाच्या शेवटी भल्याभल्यांना भारी पडे. जागतिक महासंघाने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते थेट २०२४ मध्ये. एक-एक घर चालणाऱ्या प्याद्यांवर वाढलेल्या माणसाला घाई नसते, असे मला वाटते. पण हे माझे मत झाले, पुरावा नव्हे.

आणि हो, सिंगापूरच्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव आठवा, डिसेंबर २०२४. बरोबरीकडे निघालेल्या डावात पंचावन्नाव्या चालीला डिंग लिरेनचा हत्ती चुकला. गुकेशला ते दिसले, चेहऱ्यावरून सगळ्या जगाला दिसले की त्याला दिसले, तरी त्याने झडप घातली नाही. अठरा वर्षांच्या मुलाने जगज्जेतेपद समोर पडलेले असताना पुन्हा हिशेब तपासला आणि मगच मोहरा उचलला.

नंदगडचा पालक | बुधवार, सकाळी ६.५०

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. हरायला लागला की तो पट उधळतो आणि मोहरी कॉटखाली जातात. घरातले म्हणतात की लहान आहे, मुद्दाम हरत जा. तसे केले तर त्याचा स्वभाव बिघडेल काय, आणि न केले तर तो खेळ सोडील काय, या दोन्हींची मला भीती वाटते.

निपाणीची लेक | बुधवार, दुपारी २.१५

मुद्दाम हरू नका, मुलांना ते लगेच ओळखू येते. त्याऐवजी आपला वजीर सुरुवातीलाच डबीत ठेवा आणि उरलेल्या मोहऱ्यांनिशी जीव तोडून खेळा. तो जिंकला तर खरेच जिंकलेला असेल. वजीर टाकून जिंकायला लागला की मग वजिराऐवजी एक हत्ती काढा, त्यानंतर घोडा. कॉटखालची मोहरी मात्र त्यालाच काढू द्या.

घटप्रभा | बुधवार, रात्री ८.४०

यात एकच भर घालतो. शक्य असेल तेव्हा त्याला इतर मुलांबरोबर खेळताना बघू द्या. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ काढले, आणि भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारख्या खेळाडू त्या गावाने दिल्या, त्यामागे पाच-पन्नास मुले एका छताखाली रोज एकमेकांकडून हरत होती हे मोठे कारण असणार. घरात फक्त बापाकडून हरणारे मूल हरण्याला बापाचा राग समजते.

तिरका उंट | गुरुवार, दुपारी १२.३०

चूक मान्य करणे, धीर धरणे, हात आवरणे हे सगळे मी मानले. पण स्वभाव म्हटले की प्रामाणिकपणाही आलाच, आणि त्याबद्दल या धाग्यात कोणी बोललेले नाही. मागवाले, तुम्ही चाळीस वर्षे खेळता आहात, तुम्हीच सांगा.

मागवाला | गुरुवार, रात्री ११.२५

हे लिहावे की नाही, याचा दोन तास विचार केला.

नववीत असताना जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत माझा डाव बैलहोंगलकडच्या एका मुलाशी लागला. त्याला मराठी येत नव्हते आणि माझे कानडी बाजारापुरते होते, पण कुदुरे म्हणजे घोडा आणि आने म्हणजे हत्ती, एवढ्यावर आमचे भागत होते. तेविसाव्या चालीला माझा हात घोड्यावर गेला. बोटे टेकली आणि त्याच क्षणी दिसले की घोडा हलला तर वजीर जातो. हात लावलेले मोहरे खेळलेच पाहिजे, हा नियम मला पाठ होता. मी बोटे उचलली आणि शेजारचा हत्ती एक घर सरकवला.

तो म्हणाला, “मुट्टिदी.” हात लावलास. मी नाही म्हणालो. पंच आले, त्यांनी दोघांना विचारले, साक्षीदार कोणी नव्हता, तेव्हा डाव पुढे चालू ठेवायला सांगून ते गेले. त्या मुलाने माझ्याकडे पाहिले नाही, माझ्या हाताकडे पाहिले. मग “आयतु, आडु” म्हणजे ठीक आहे, खेळ, असे म्हणून त्याने आपली चाल केली. तासाभराने मी जिंकलो. त्याने रीतसर हात मिळवला.

घरी आल्यावर आजोबांनी माझ्या कागदावरच्या चाली एकेक करून पटावर मांडायला सांगितल्या. तोवर तेही नव्या नियमांना सरावले होते. तेविसाव्या चालीशी ते थांबले आणि म्हणाले, “हा हत्ती चांगला खेळलास. मला वाटलं, तू घोडा उचलणार.” मी पुढची चाल मांडली. कुठे चुकले ते दाखव, असे त्या दिवशी त्यांनी विचारले नाही, कारण मी जिंकून आलो होतो.

तेव्हा तिरका उंट, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे हो असे उत्तर नाही. खेळात लबाडीची संधी असते, नियम असतो आणि समोर एक माणूस असतो. त्या मुलाने तो डाव ज्या रीतीने संपवला ती त्याला बुद्धिबळाने शिकवली की त्याच्या घराने, हे मला कधीच कळणार नाही.

नंदगडच्या पालकांना एक सांगायचे राहिले. रविवारी सकाळी आमचे माग बंद असतात आणि गल्लीतली चार-सहा पोरे खेळायला जमतात. मुलाला घेऊन या. फी नाही.

नंदगडचा पालक | शुक्रवार, सकाळी ७.०५

सकाळच्या बसने येतो. पट आणायचा की तिकडे आहे?

मागवाला | शुक्रवार, सकाळी ७.४०

पट आहे. एका उंटाच्या जागी कांडी आहे, तेवढे त्याला आधी सांगून ठेवा.